जुनी मोटारसायकल विजेवर चालवावी काय?



वसंतातल्या व्याख्यानांना साहित्य, इतिहास, अध्यात्म हे विषय शोभतात, अशी आपली जुनी समजूत आहे. त्या पंगतीत मोटारसायकल येऊन बसलेली पाहून काहींना नवल वाटले असेल. पण चैत्रात सप्तशृंगगडाची यात्रा भरते, वणीच्या रस्त्यावर वाहनांची रीघ लागते, आणि त्या रांगेत निम्म्याहून अधिक दुचाक्याच असतात, हे आपण दरवर्षी पाहतो. ज्या यंत्रावर आपण बाजारहाट करतो, दूध पोहोचवतो, मुलांना शाळेत सोडतो आणि देवदर्शनालाही जातो, त्या यंत्राविषयी तासभर विचार करावयास हरकत नसावी.

विषय असा की, घरात पडून असलेली जुनी मोटारसायकल विजेवर चालणारी करता येते काय, येत असेल तर ती करावी काय, आणि करावयाची तर काय सांभाळावे. हा प्रश्न आता केवळ हौशी मंडळींचा राहिलेला नाही. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर गेले आहे. विजेच्या स्कूटरी तालुक्याच्या गावापर्यंत आल्या आहेत. मुले मोबाइलवर असे प्रयोग पाहतात आणि घरी येऊन वडिलांना म्हणतात, “आपली गाडी उगाच गंजते आहे, तिला मोटार बसवू या.” वडिलांना हो म्हणवत नाही आणि नाहीही म्हणवत नाही.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरू. वणीतल्या एका गृहस्थांच्या घरी वडिलांच्या वेळची १९८० सालची राजदूत आहे असे समजा. एके काळी ही गाडी खेड्यापाड्यांतून दुधाचे कॅन घेऊन धावत असे. एक सिलिंडर, दोन फटक्यांचे म्हणजे टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून घालावयाचे, आणि बळ सात-आठ अश्वशक्तीचे. आज ती गोठ्याच्या कडेला पोत्याखाली उभी आहे. सुटे भाग मिळत नाहीत, चालू झालीच तर धूर फार होतो. पण ती भंगारात घालावयास घरातील कोणाचेही मन होत नाही. या गाडीचे काय करावे, हा आपला प्रश्न.

विजेवर चालणारे वाहन ही नवी कल्पना आहे असे मात्र समजू नका. १८९९ साली कामी जेनाझी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने ताशी १०० किलोमीटरांची मर्यादा प्रथम ओलांडली, ती विजेच्या मोटारीत बसूनच. पुढे पेट्रोल जिंकले, त्याचे कारण मोटार दुबळी होती हे नव्हे. वीज बरोबर वाहून नेण्याचे साधन, म्हणजे बॅटरी, दुबळे होते. आजही सगळा हिशेब तेथेच येऊन थांबतो, म्हणून आपण बॅटरीपासूनच आरंभ करू.

आपण घरी विजेचे बिल युनिटांत भरतो. तेच माप येथे घेऊ. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिटे ऊर्जा असते आणि त्याचे वजन पाऊण किलो. परंतु लहान इंजिन त्यातील फार तर पाचवा हिस्सा चाकापर्यंत पोहोचविते. उरलेली ऊर्जा सायलेन्सरवाटे आणि इंजिनाच्या पंखांवाटे उष्णता होऊन जाते. म्हणजे लिटरमागे पावणेदोन युनिटे कामी आली. उलट विजेची मोटार आणि तिचा कंट्रोलर मिळून शंभरातले ऐंशी भाग चाकाला देतात. मोटार अशी काटकसरी; पण बॅटरी जड. लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीच्या बॅटरीत एक युनिट साठवावयास आठ-नऊ किलो वजन बाळगावे लागते. पेट्रोल हलके पण उधळे, वीज जड पण काटकसरी, असा हा सामना आहे.

आता आपल्या रस्त्यावर हा हिशेब लावू. सपाट रस्त्यावर एकटा स्वार ताशी पन्नासच्या वेगाने चालला, तर वाऱ्याचा आणि टायरांच्या घर्षणाचा विरोध मोडण्यासाठी किलोमीटरमागे साधारण ३५ वॅट-तास, म्हणजे युनिटाचा अठ्ठाविसावा-तिसावा हिस्सा खर्च होतो. वणीहून नांदुरीमार्गे गडावर जाऊन परत येणे, हा हिशेबासाठी पन्नास किलोमीटरांचा फेरा धरू. त्याला पावणेदोन युनिटे लागली.

पण घाटाचे काय? श्रोत्यांच्या मनात हाच प्रश्न असणार. गाडी आणि दोन माणसे मिळून २७० किलो वजन, आणि चढ ५०० मीटर धरा. एवढे वजन एवढ्या उंचीवर नेण्यास लागणारी ऊर्जा काढली, तर ती भरते सुमारे ०.३७ युनिट. मोटारीतील तूट धरून अर्धे युनिट म्हणा. घरातला पंखा रात्रभर चालला तर जेवढी वीज जाते, तेवढ्यात दोन माणसे गडावर पोहोचतात! म्हणजे एकूण फेऱ्याला सव्वादोन युनिटे. थोडी शिल्लक हाताशी ठेवून तीन युनिटांची बॅटरी पुरावी. तिचे वजन पंचवीस किलोंच्या आसपास. हा भार जुन्या गाडीला झेपण्यासारखा आहे. नाशिकहून गडापर्यंत येऊन परत जावयाचे, तर तो फेरा सव्वाशे किलोमीटरांच्या पुढे जातो. त्याला सहा युनिटांची, म्हणजे पन्नास किलोंची बॅटरी हवी. तेथे मात्र जुन्या गाडीची ताकद संपत येते. यावरून पहिला नियम निघतो: आपला रोजचा फेरा किती, हे आधी ठरवावे आणि मग बॅटरी ठरवावी. जाहिरातीतला आकडा वाचून बॅटरी ठरवू नये. तो आकडा बहुधा एकट्या, हलक्या स्वाराचा, सपाट रस्त्याचा आणि संथ चालीचा असतो.

आता मोटारीकडे वळू. विजेच्या दुचाकीत जी मोटार असते, तिला कार्बन ब्रश नसतात. आपल्या विहिरीवरचा पंप थ्री फेज विजेवर चालतो, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. या मोटारीचे तत्त्व त्याच घराण्यातले. बॅटरीतून मिळते ती सरळ एका दिशेने वाहणारी वीज. कंट्रोलर नावाची पेटी त्या विजेचे तीन फेज तयार करते आणि मोटारीच्या तीन गुंडाळ्यांना आळीपाळीने देते. गुंडाळ्यांपुढे लोहचुंबक फिरतात. चुंबक कोणत्या क्षणी कोठे आहे, हे लहान संवेदक कंट्रोलरला कळवीत राहतात. हँडलची मूठ पिळली की कंट्रोलर अधिक प्रवाह सोडतो. कार्ब्युरेटर नाही, प्लग नाही, किक नाही, बहुतेक गाड्यांत क्लच आणि गिअरही नाहीत.

ही मोटार बसविण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत मोटार मागच्या चाकाच्या तुंब्यातच असते. तिला हब मोटार म्हणतात. बसवावयास सोपी, चेनची कटकट नाही. दुसऱ्या रीतीत मोटार इंजिनाच्या जागी बसवितात आणि चेनने चाक फिरवितात. सपाट मुलखात पहिली रीत पुष्कळ चालते. आपल्यासारख्या घाटाखालच्या गावाने मात्र थोडा विचार करावा, आणि तो का करावा हे आकड्यांनीच सांगतो.

सपाटीवर पन्नासच्या वेगाने जाताना चाकाला जेवढा जोर लावावा लागतो, त्याच्या तिपटीहून अधिक जोर शंभरात दहाच्या चढावर दोन माणसांना नेताना लागतो. मोटारीचा जोर तिच्यातल्या प्रवाहावर अवलंबून असतो. तिप्पट जोर म्हणजे तिप्पट प्रवाह. पण गुंडाळीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह तिप्पट झाला की उष्णता नऊपट. पेट्रोलच्या गाडीत अशा वेळी आपण पहिला गिअर टाकतो. इंजिन वेगाने फिरत राहते आणि गिअर त्याचा जोर वाढवून देतो. हब मोटारीला ही सोय नाही. ती संथ फिरते आणि सारा भार आपल्या तांब्यावर घेते. जोर कमी पडून पंपाची मोटार कशी जळते आणि रिवाइंडिंगला किती पैसे पडतात, हे द्राक्षबागायतदारांना मी सांगावयास नको. येथेही गोष्ट तीच. तांब्याच्या तारेवरचे वेष्टण जळते, आणि फार तापल्यास लोहचुंबकांचे बळही कायमचे उतरते. चेनच्या रीतीत मोटार चाकाच्या चार-पाच पट वेगाने फिरवता येते, त्यामुळे तोच चढ ती कमी प्रवाहात चढते. म्हणून घाटासाठी इंजिनाच्या जागी बसणारी, तीन किलोवॅट भार सतत सोसणारी मोटार चांगली. येथे “सतत” हा शब्द महत्त्वाचा आहे. विकणारा पुष्कळदा क्षणभराचे कमाल बळ सांगतो. घाट क्षणभराचा नसतो.

चढासंबंधी बोललो, उतारासंबंधी अधिक जपून बोलले पाहिजे. घाट उतरताना जाणता स्वार खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवतो आणि इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. इंजिन काढले की हा आधार गेला. वर चढताना जी ०.३७ युनिट ऊर्जा आपण साठविली, ती उतरताना कोठेतरी जिरवलीच पाहिजे. सगळी जर ब्रेकवर पडली, तर जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर त्यांची पकड सुटू लागते. विजेच्या मोटारीला उलट काम देऊन तिच्याकडून वीज बनवून घेता येते. तीच मोटार तेव्हा डायनामो होते, गाडीला मागे ओढते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. ही सोय असलेलाच कंट्रोलर घ्यावा. पण त्यातही एक फसगत आहे. गडावर मुक्काम केला, रात्री बॅटरी पूर्ण भरून घेतली आणि सकाळी उतरावयास निघालो, तर भरलेली बॅटरी आणखी वीज घेऊ शकत नाही. कंट्रोलर ही ओढ बंद करतो. नेमका तेव्हा सारा भार ब्रेकवर येतो. म्हणून जुनी गाडी विजेवर करावयाची, तर पहिला खर्च मोटारीवर करू नये. ब्रेकचे लायनर, ड्रम, केबली, चाकांचे बेअरिंग, स्पोक आणि टायर यांवर तो करावा. या घाटाने काय काय पाहिले आहे, हे येथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

सांगाड्याचेही तसेच. पुष्कळांची समजूत अशी की इंजिन काढले, रिकाम्या जागेत पेटी बसविली, झाले. पण बुलेटसारख्या गाडीत इंजिन हे नुसते सांगाड्यात ठेवलेले नसते. पुढची नळी आणि मागचा भाग यांना जोडणारा तो सांगाड्याचाच एक दुवा असतो. ते काढून टाकले, तर त्याच्या जागी तेवढ्याच ताकदीची पोलादी पट्टी किंवा चौकट बसवावी लागते. नाहीतर वेगात आणि खड्ड्यांत सांगाडा पिळवटतो. बॅटरी जितकी खाली आणि मध्यावर बसेल तितकी गाडी तोल सांभाळते. पेट्रोलच्या टाकीत सगळ्या बॅटऱ्या भरल्या तर दिसावयास छान, वळणावर मात्र गाडी अंगावर येते. आणि सांगाडा कापणे, तापवून वाकविणे, जुन्या गंजावर वेल्डिंग करणे, ही कामे ज्याने त्याने करू नयेत.

बॅटरीविषयी एक वेगळे सांगणे आहे, ते आगीचे. २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी देशात अनेक ठिकाणी विजेच्या स्कूटरी पेटल्या. पुण्यातही एक पेटली. त्यानंतर केंद्र सरकारने ए.आय.एस. १५६ हे बॅटरीसंबंधीचे मानक अधिक कडक केले. आग लागते ती अशी: एक सेल आतून बिघडतो किंवा फार तापतो, त्याची उष्णता शेजारच्या सेलला लागते, आणि ओळीने एकेक पेटत जातो. पाण्याने ती आग सहजी विझतही नाही. लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे सेल या बाबतीत इतर काही लिथियम जातींपेक्षा शांत स्वभावाचे आहेत. थोडे वजन वाढले तरी आपल्या उन्हात तेच बरे. प्रत्येक सेलचा दाब आणि उष्णता पाहून वेळेवर प्रवाह तोडणारी यंत्रणा, जिला बी.एम.एस. म्हणतात, तिच्याशिवाय बॅटरी घरात आणू नये. जुन्या लॅपटॉपचे सेल गोळा करून घरी डाख देऊन बॅटरी बांधणे, हा प्रयोग मुलांना फार आवडतो. तो करू देऊ नये. उन्हातून आल्याबरोबर चार्जर लावू नये, बॅटरी थोडी निवू द्यावी. जेथे माणसे झोपतात त्या खोलीत आणि जिन्याच्या तोंडाशी ती भरावयास ठेवू नये. लाइनचा दाब वरखाली होत असेल, तर चांगल्या प्रतीचा चार्जर आणि घराचे अर्थिंग यांवर पैसे वाचवू नयेत.

येथवर ऐकून एखादा म्हणेल, “हे सारे सांभाळू. मग अडचण काय?” अडचण आहे, आणि ती यंत्राची नसून कायद्याची आहे. किंबहुना आपल्या उदाहरणातील राजदूतचे भवितव्य तेथेच ठरते.

मोटार वाहन अधिनियम १९८८ याचे ५२ वे कलम असे सांगते की, कारखान्याने गाडी जशी बनविली आणि नोंदणी-पुस्तकात जशी लिहिली, तिच्यात मालकाने मनास येईल तसा फेरफार करू नये. त्याच कलमात एक वाट ठेवलेली आहे: बॅटरीवर किंवा अन्य इंधनावर चालण्यासाठी रूपांतराचा संच बसविता येतो, मात्र ठरलेल्या अटींनुसार. विजेच्या संचाच्या या अटी २०१६ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत घालण्यात आल्या. संच मंजूर झालेला असावा, तो ज्या जातीच्या गाडीसाठी मंजूर झाला त्याच जातीच्या गाडीला बसवावा, बसविणारा अधिकृत असावा, आणि आर.टी.ओ.कडून नोंदणीत इंधन बदलून घ्यावे, असा त्यांचा आशय. अशा संचांची तपासणी ज्या संस्था करतात, त्यांतील एक आपल्या पुण्यातच आहे. १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे ए.आर.ए.आय., ती हीच. हा मार्ग केवळ कागदावर राहिलेला नाही. ठाणे-मुंबई भागातील गोगोएवन या कंपनीने २०२१ साली स्प्लेंडर मोटारसायकलीसाठी असा मान्यताप्राप्त संच पुढे आणला. त्याची किंमत तेव्हा ३५,००० रुपयांच्या घरात होती, बॅटरीचा खर्च निराळा, आणि एका भारणीत १५१ किलोमीटर जाण्याचा कंपनीचा दावा होता. अशा दाव्याचे काय करावयाचे, ते आपण आत्ताच पाहिले: आपला घाट, आपला जोडीदार आणि आपली गती धरून तो आकडा खाली आणावयाचा.

परंतु २०१६ च्या या नियमांत एक अट आहे. १ जानेवारी १९९० रोजी किंवा त्यानंतर बनलेल्या वाहनांनाच विजेचा संच बसविता येतो. आपली राजदूत १९८० ची. म्हणजे ही वाट तिला बंद.

दुसरी एक वाट जुन्या गाड्यांसाठी केलेली आहे. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली दुचाकी किंवा चारचाकी, जी मूळ स्वरूपात राखली आहे, तिला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि “व्ही.ए.” अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. प्रथम नोंदणीची फी २०,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, विंटेज गाड्यांची फेरी, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. पण “मूळ स्वरूपात” हे दोन शब्द लक्षात ठेवा. ज्या दिवशी इंजिन काढून मोटार बसविली, त्या दिवशी हा मान गेला. आपली राजदूत २०३० साली पन्नाशी गाठील. आज हौसेने कापली, तर तेव्हा हे दारही तिला बंद होईल.

आणि दोन्ही वाटा सोडून कोणी गॅरेजमध्ये गुपचूप मोटार बसविली तर? २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराबद्दल मालकास प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण दंडाची गोष्ट लहान आहे. अशा गाडीने रस्त्यात कोणाला धक्का लागला, तर विमा कंपनी नुकसानभरपाईस हरकत घेऊ शकते आणि आयुष्यभराची जबाबदारी घरावर येऊ शकते. चार पैसे वाचविण्यासाठी हे संकट ओढवून घेणे शहाणपणाचे नाही.

पैशांचाही विषय निघालाच आहे, तेव्हा तोही स्वच्छ मांडू. पेट्रोलवर लिटरमागे ४० किलोमीटर पडत असतील, तर किलोमीटरला अडीच रुपयांच्या वर खर्च येतो. वीज युनिटला दहा रुपये धरली आणि चार्जरमधली तूट मोजली, तर किलोमीटरला चाळीस पैसे. म्हणजे सव्वादोन रुपयांची बचत. संच, बॅटरी, ब्रेक, टायर आणि मजुरी मिळून लाख रुपये लागले असे धरा. ते सुटण्यासाठी पंचेचाळीस हजार किलोमीटर चालावे लागेल. रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्या दूधवाल्याला किंवा पेपर टाकणाऱ्याला ते चार वर्षांच्या आत सुटतील. रविवारी एक फेरी मारणाऱ्या हौशी माणसाला कितीतरी अधिक वर्षे लागतील. म्हणजे जुन्या, प्रेमाच्या गाडीत विजेने पैसे वाचत नाहीत. ते वाचतात रोज राबणाऱ्या गाडीत.

हवेच्या बाबतीतही खरे तेच सांगावे. विजेची गाडी गावात धूर सोडत नाही, हा मोठाच लाभ; जुन्या टू-स्ट्रोकचा निळा धूर ज्याने बाजारात सोसला आहे त्याला तो पटवावा लागत नाही. पण नाशिकजवळचे एकलहऱ्याचे वीजकेंद्र कोळशावरच उभे आहे. धूर नाहीसा झाला असे नव्हे. पुष्कळसा कमी झाला आणि गावाबाहेर गेला. ज्यांनी द्राक्षबागेच्या शेडवर सौर पत्रे बसविले आहेत, त्यांचा दावा अधिक खरा. शिवाय जुना सांगाडा पुन्हा वापरला की नवे पोलाद तेवढे वाचते, हेही जमेस धरावे.

जुनी नावे पुन्हा विजेवर येत आहेत, हे आपण पाहतोच. आकुर्डीत १९७२ पासून बनलेली चेतक २०२० साली विजेची होऊन आली. पुण्याच्याच कायनेटिक घराण्याची लूना २०२४ साली विजेवर परतली. दुसऱ्या महायुद्धात छत्रीने उतरवीत ती रॉयल एन्फिल्डची फ्लाइंग फ्ली, तिचे नाव घेऊन २०२४ साली विजेची नवी मोटारसायकल दाखविण्यात आली. या कारखानदारांनी जुन्या गाड्या कापल्या नाहीत. जुने रूप आणि जुने नाव घेऊन सांगाडा नवा बनविला. त्यांनी हे का केले, याचा विचार आपणही करावा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. त्या १९८० च्या राजदूतचे काय करावे? माझा सल्ला असा. तिला कापू नका. इंजिन जाम झाले असेल तर चांगल्या फिटरकडून खोलून घ्या, सिलिंडरमध्ये ऑईल सोडा, टाकी रिकामी करून गंज काढा, टायरांवर भार राहू नये म्हणून गाडी स्टँडवर ठेवा, कागदपत्रे जपा. २०३० साली विंटेज नोंदणीचा विचार करा. मुलाला विजेची विद्या शिकावयाची आहे, ती हौस मोडू नका. १९९० नंतरची एखादी साधी, ज्या जातीला मंजूर संच मिळतो अशी मोटारसायकल घ्या. आधी आर.टी.ओ.त जाऊन विचारा, लेखी उत्तर घ्या, मग पैसे भरा. त्या गाडीला बैठक, दिवा, रंग जुन्या धर्तीचा द्या. पण सांगाडा, ब्रेक आणि नोंदणी यांना हात लावताना नियमाबाहेर जाऊ नका. काढलेले इंजिन ग्रीस लावून पेटीत ठेवा. आणि पहिल्यांदा गडावर जाल तेव्हा चढाचे कौतुक करण्याआधी उताराचे ब्रेक तपासा.

विजेच्या गाडीला आवाज नसतो, हे शेवटी सांगितले पाहिजे. राजदूत गल्लीच्या तोंडाशी आली की घरातल्या माणसांना आवाजावरून कळत असे; आई चुलीवर चहाचे आधण ठेवी. नव्या गाडीत ती खूण राहणार नाही, आणि बाजारातल्या म्हाताऱ्या माणसालाही ती मागून आल्याचे कळणार नाही. म्हणून हॉर्न नीट ठेवा आणि गर्दीत हळू चला. जुनी गाडी घरात राहू द्या, नवी रस्त्यावर राबू द्या. दोघींचे काम निराळे आहे, एवढे ओळखले म्हणजे पुष्कळ नुकसान टळेल.